शिवलेला कावळा

एक

पेटीत कावळा नव्हता. कुलूप जागेवर, काच जागेवर, आत अंथरलेला मखमलीचा तुकडासुद्धा जागेवर. ज्याच्यासाठी हा सगळा थाट, तोच तेवढा गायब.

संध्याताई टाकळकर पेटीभोवती दोनदा फिरल्या आणि मनापासून गोंधळल्या. पोलीस खात्यात फौजदार म्हणून नोकरी झाली, आता त्या खासगी चौकशा करायच्या. पण गोंधळणं हीच त्यांची खासियत होती. दुसऱ्या एखाद्या शोधकाला म्हणे नुसत्या नजरेत सगळं कळतं. संध्याताईंना शेवटपर्यंत काही कळायचं नाही, आणि या बाईची कीव येऊन लोक त्यांना सगळं सांगून टाकायचे.

"डॉक्टरसाहेब, कावळा जिवंत होता का मेलेला?"

"मेलेला," डॉ. विश्वजित धारूरकर म्हणाले.

"मग उडून कसा गेला?"

"उडून गेला असं कोण म्हणतंय? चोरीला गेला. म्हणजे, तो उडतो. पण आपोआप नाही. मशीन आहे हो ते!"

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या छोट्या प्रयोगशाळेत डॉक्टरांनी एका मेलेल्या कावळ्याचं यंत्र केलं होतं. कातडी खरी, पिसं खरी, पंख आणि पाय खरे. पोटात मोटर आणि बॅटरी. डोळे काचेचे, कान तर नाहीतच. हातातल्या रिमोटवर तो उडायचा, फांदीवर बसायचा. आपला मेलेला भाऊबंद एका जागी दिसला की बाकीचे कावळे तिथून दूर पळतात आणि लांबून कलकलाट करतात. विमानांना धडकणारी पाखरं धावपट्टीवरून हुसकायला हा उपाय, आणि शुक्रवारी विमानतळाच्या साहेबलोकांसमोर त्याचं प्रात्यक्षिक.

"पेटीच्या किल्ल्या तिघांकडे. गोकुळ, अमेय आणि ती," डॉक्टरांनी काचेच्या भिंतीपलीकडे बोट दाखवलं. तिथं एक मुलगी खाली मान घालून तारा जोडत बसली होती. "प्रेरणा उगले. पहिल्या दिवसापासून तिचा विरोध. कापडाचा करा, प्लास्टिकचा करा, पण ज्याला विचारता येत नाही त्याचं अंग वापरू नका, असं प्रत्येक मीटिंगमध्ये. मंगळवारी पेटी रिकामी झाली, आणि मंगळवारीच दुपारी ती गेटपाशी फोनवर काहीतरी बोलली. वॉचमनने ऐकलंय."

"काय बोलली?"

"तो मला सांगत नाही. लाजतो! संध्याकाळपर्यंत कावळा आला नाही, तर मी तिला काढणार आणि पोलिसांत तिचं नाव देणार."

चोरीचा शिक्का बसला की त्या पोरीला या शहरात कुणी दारात उभं करणार नाही, हे संध्याताईंना न सांगता कळलं. मुलीचे हात स्थिर होते. डोळे मात्र सुजलेले होते.

दोन

वॉचमन पुंडलिक खरोखरच लाजत होता. मिशीला कलप लावलेला हा गडी संध्याताईंकडे पाठ करूनच बोलू लागला.

"मॅडम, त्ये बायकांचं हाय. म्या कसं तोंडातनं काढू?"

"मी बाईच आहे, पुंडलिक."

"म्हनूनच तर!" त्याने खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी भिंतीला सांगितलं, "ती म्हनली, 'शिवला? कावळा शिवला? आता मला कुणी अडवत नाही!' आन् रडली बी आन् हसली बी. आता आमच्या घरी, बाई बाजूला बसली की आई म्हनायची, हिला कावळा शिवला. पर त्ये एवढ्या आनंदानं फोनवर कुणी सांगतं व्हय?"

संध्याताईंनी हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं, तर डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"शिवला! म्हणजे दुसरा शिवून घेतला! आमचा नमुना बाहेर नेला, त्यावरून तसाच दुसरा शिवला, आता तिला कोण अडवणार? अहो, इथं वर्षभर आम्ही दुसरं बोलतोय काय? पंख शिवला का, मान शिवली का, कावळा शिवला का!"

हेही पटण्यासारखं होतं. संध्याताई आणखी गोंधळून शिवणाऱ्याकडेच गेल्या.

गोकुळ सिल्लोडकडचा. जनावरांच्या दवाखान्यात काम केलेला, हाताने सुबक. त्याच्या टेबलावर कावळ्याचा एक सुटा पाय होता. त्याने त्यातली शीर ओढली, तशी नखं टपकन मिटली.

"बघा. मेल्यावर बी पाय पकड विसरत नाय. अशी चिमट्याची पकड मला लोखंडात करून दाखवा," तो म्हणाला. "दुसरा कावळा बिवळा काय नाय शिवला कुणी. एक शिवायला पंधरवडा जातो माझा."

"तुम्हाला वाईट नाही वाटत? मेलेल्या जिवाला असं..."

"मेलेल्या बैलाच्या कातड्याची मोट होतीच की पूर्वी. त्याला कुठं कुणी विचारलं व्हतं? प्रेरणाताई म्हनती पाप लागंल. मी म्हनलं, कावळ्याच्या शापानं गायी मरत नसतात." त्याने पाय फडक्यात गुंडाळून ठेवला. ठेवताना मात्र तो, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा, जपून ठेवला.

अमेय पैठणकर हा कावळा उडवणारा. पोरगेला, बोलका. खुर्चीवर पाय वर घेऊन मोज्यात अडकलेली कुसळं एकेक करून काढत बसला होता.

"इथं उडवताच येत नाही ना मॅडम, विमानतळ बाजूला. शुक्रवारची परवानगी मिळालीय तेवढीच."

"मग सराव?"

"कॉम्प्युटरवर. सरांनी बाहेर, शेताबितात न्यायला सक्त मना केलंय." तो हसला. "तसं पाहिलं तर प्रेरणाने कशाला नेला असेल? तिला तर त्याला हात लावायलाही आवडत नाही. पण मला काय माहिती? भलत्या भानगडीत आपण पडत नाही."

शेवटी प्रेरणा. तिने संध्याताईंसाठी खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उभी राहिली.

"फोन कुणाचा होता, बाळा?"

"घरचा. आणि तो मी तुमच्या चौकशीत आणणार नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. सरांनी आधी मला चोर ठरवलं, मग विचारायला तुम्हाला पाठवलं. माझ्या घरचं माणूस मी साक्षीला उभं करायचं? त्या कावळ्यासारखं?" तिचा आवाज चिरकला. "त्याला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून सगळे त्याचं 'हो' धरून चालतात. तेवढंच मी म्हणत होते."

"घरी कोण कोण असतं?"

"करमाडला आजोबा, काका, काकू. आणि आ..." तिने शब्द तिथंच तोडला.

संध्याताई बाहेर आल्या, फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी फाडकन कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एक माणूस लाजला, दुसऱ्याला सुई-दोरा दिसला, आणि मराठी घरात जन्मलेल्या आपणही त्यांच्या मागे निघालो. कावळा शिवतो तो आणखी कुठे? पिंडाला!

तीन

करमाडला घर शोधायला वेळ लागला नाही. दारात नानासाहेब उगले बाजेवर बसले होते, डोक्याचा गोटा केलेला. शेजारी त्यांचा धाकटा मुलगा कडुबा, म्हणजे प्रेरणाचा चुलता. मनकर्णाबाई, नानासाहेबांची बायको, गेल्या होत्या आणि मंगळवारी त्यांचा दहावा झाला होता.

"प्रेरणीला सुट्टी नाय भेटली," कडुबा म्हणाला. "म्हनून मीच फोन केला तिला, कावळा शिवला म्हनून. लई घोर लागला व्हता पोरीला. आजीचा जीव तिच्यात, तिचा आजीत."

"लवकर शिवला का?"

"कुठलं हो! सकाळपासनं वढ्यावर एक कावळा फिरकंना. एरवी तिथं कावळ्यांची शाळा भरती. त्या दिशी समदे पार तिकडं लांब, नुस्ता कालवा. बाभळीवर एकच बसला व्हता, गप. आमी काय काय बोलून पाह्यलं! मारुतीला पायरी बांधतो म्हनलं, थोरल्या आत्याशी धरलेला अबोला सोडतो म्हनलं. ढिम्म! उन्हं डोक्यावर आली. नानांच्या पोटात पान्याचा थेंब नाय. भटजी म्हनले, दर्भाचा कावळा करून शिववू आन् मोकळं व्हऊ."

"मग?"

"मंग नाना उठले. हात जोडले आन् म्हनले, 'मनकर्णे, प्रेरणीच्या लग्नाची घाई करनार नाय. तिला पायजे तवर तिची नोकरी करू दे. कुणी अडवनार नाय.' आन् काय सांगू, शिवला! अंगावर काटा आला माझ्या. आता मी तर तिचं लगीन दिवाळीनंतरचं ठरवून बसलो व्हतो, नोकरी बी सोडाय लावनार व्हतो. पर आईचीच विच्छा म्हनल्यावर मी कोन?"

नानासाहेब जमिनीकडे बघत हळूच म्हणाले, "हात जोडले तवाच निघाला व्हता तो बाभळीवरनं. काय खाल्लं बी नाय. पिंडावर पाय ठिवला, शितं उडाली, आन् गेला."

कान नसलेला, न खाणारा, ज्याला बघून बाकीचे कावळे लांब पळतात असा कावळा. त्या आल्या होत्या पोरीला सोडवायला, आणि हाती लागला तो तिच्याच गळ्याचा फास. कारण या कावळ्याच्या शिवण्याने सगळ्या जगात फक्त एकाच माणसाचा फायदा झाला होता, आणि तिचं नाव प्रेरणा.

चार

ओढ्यापलीकडून कावळ्यांचा कालवा ऐकू येत होता.

"मंगळवारपासनं असंच चाललंय," कडुबा म्हणाला. "मक्यात काय मेलंय कोन जाने."

संध्याताई चपला हातात घेऊन ओढा ओलांडून गेल्या. बांधावर गुडघाभर गवत, पुढे मका. वर कावळे घिरट्या घालत होते आणि एकेक करून डोक्यावर झेपावत होते. एकाने तर टाळूवर चोचच मारली. पदर डोक्यावर घेऊन त्या मक्यात शिरल्या आणि तिथं, दोन सरींच्या मध्ये, त्यांना तो दिसला. एक पंख उखडलेला, पाठीवरची शिवण उसवलेली, आतून लाल-निळ्या तारा बाहेर आलेल्या. मिटलेल्या नखांत वाळलेल्या भाताची शितं होती.

त्यांनी त्याला उचललं तेव्हा तो इतका हलका लागला की त्यांना उगीचच रडू आलं. हा कधीतरी कुणाच्या तरी घरावर ओरडला असेल, पाहुणे येणार म्हणून कुणी हसलं असेल. मेल्यावर त्याला एवढी कामं लागतील हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक होतं? आणि वर ओरडणाऱ्या त्याच्या भाऊबंदांना तरी, हा मेलाय की कुणी मारलाय, काय समजावं!

मागे पाचोळा वाजला. काठी घेऊन आलेला कडुबा त्यांच्या हातातल्या तारांकडे बघत होता.

"ह्यो... ह्यो आमचा कावळा?" तो पुटपुटला. मग त्याचा चेहरा काळवंडला. "प्रेरणीच्या कारखान्यातलं हाय नव्हं हे? आईच्या पिंडाशी खेळ केला तिनं! आरं, मंग वचन कसलं अन् काय कसलं! चला. आत्ताच चला तुमच्या त्या सायबाकडं. तिथनंच घेऊन येतो तिला, कायमची!"

पाच

प्रयोगशाळेत टेबलावर फडकं अंथरून संध्याताईंनी कावळा ठेवला. भोवती डॉक्टर, गोकुळ, अमेय, प्रेरणा, दाराशी पुंडलिक. नानासाहेब एका स्टुलावर बसले होते, आणि कडुबा बसायलाच तयार नव्हता.

"करमाडला?" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे हिनेच!"

"मलाही तसंच वाटलं," संध्याताई म्हणाल्या. "मी अजूनही थोडी गोंधळलेलीच आहे, तेव्हा चुकलं तर सांगा. कावळा शिवला तो नानासाहेबांनी प्रेरणाचं नाव घेतल्यावर. म्हणजे तिनेच कुणाकरवी घडवलं, नाही का? पण या कावळ्याला कान नाहीत. नानासाहेब काय बोलतात ते उडवणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. आणि नानासाहेब स्वतः म्हणतात, त्यांनी नुसते हात जोडले तेव्हाच तो निघाला होता. बोलले ते नंतर. म्हणजे वचनासाठी कावळा आला नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली."

"पण मग कुणाला कशाला हा उद्योग?" गोकुळने विचारलं.

"तेच मला कळेना. दुसरं एक कळेना: खरे कावळे सकाळपासून का आले नाहीत? तर हा बाभळीवर बसला होता म्हणून. पिंडाला शिवायला आणलेला असता, तर सकाळीच शिवून मोकळा झाला असता. नानांना उन्हात उपाशी कशाला ठेवलं असतं? तो आणला होता दुसऱ्याच कामाला. त्याच्या नेहमीच्या कामाला. कावळे हुसकायला. सरावाला."

आता सगळ्यांच्या आधी पुंडलिकाने अमेयकडे मान वळवली.

"चिकलठाण्यात उडवता येत नाही, शुक्रवार जवळ आलेला, आणि सरांची शेतात न्यायला मनाई. मग चोरून न्यायचा. उडवायला एकालाच येतं. अमेय, कॉम्प्युटरवर सराव केल्याने मोज्यात कुसळं भरतात का रे?"

अमेयने पाय खुर्चीखाली घेतले. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"जवळचं मोकळं रान म्हणून करमाडला नेला, दहावा त्याच दिवशी आहे हे माहीत नव्हतं. मी लांब होतो, मक्याच्या पलीकडे," तो बोलू लागला. "कावळे पळत होते, मी खूश. मग ओढ्यावर माणसं दिसली. प्रेरणाच्या आजोबांना मी ओळखतो, ते इथे आले होते. आजी गेल्याचं तिने फक्त मलाच सांगितलं होतं. तेव्हा लक्षात आलं, माझ्यामुळेच एकही कावळा येत नाहीये. मी घाईने खाली उतरवायला गेलो, तर तो बाभळीवर बसला आणि नखं अडकली, सुटेनात. म्हातारा माणूस उन्हात उभा. शेवटी सुटला, तर मला वाटलं, आता एवढं झालंच आहे तर... शिववून टाकावा. सुटतील बिचारे. परत येताना खऱ्या कावळ्यांनी त्याला मक्यात पाडला. मी शोधायला जाणारच होतो."

"आणि मला चोर म्हणत होते तेव्हा?" प्रेरणाने विचारलं.

ती त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला वाटलं होतं आजी अडून बसली होती," ती म्हणाली. "माझ्यासाठी. नानांच्या तोंडून माझं नाव येईपर्यंत. दोन दिवस मी याच आनंदात होते रे, अमेय. चोर म्हणाले तरी मला काही वाटत नव्हतं." मग ती टेबलावरच्या कावळ्याकडे बघून रडायला लागली, आणि ती आजीसाठी रडते आहे की त्याच्यासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "प्रेरणा, माझं चुकलं. तू उद्यापासून... म्हणजे आजपासूनच. तुझी नोकरी आहेच." आणि सवयीने पुढे म्हणाले, "गोकुळ, हा शुक्रवारपर्यंत शिवून होईल का?"

"सर, जरा गप बसा की," गोकुळ म्हणाला, आणि डॉक्टर खरोखरच गप्प बसले.

"नोकरीचं राहू द्या तुमच्या!" कडुबाने काठी आपटली. "आईची विच्छा नव्हती, काय नव्हतं. मशीन शिवलं, तारा शिवल्या. म्हंजी वचन रद्द! दिवाळीनंतर लगीन, आन् ही आजच घरी चालती. उठा, नाना."

प्रेरणाने डोळे पुसले. चोरीचा आळ गेला होता, आणि त्याच्याबरोबर मिळालेलं सगळंही गेलं होतं. संध्याताईंना वाटलं, आपण हे कोडं सोडवलं नसतं तर बरं, आणि नसतं सोडवलं तरी वाईटच. आयुष्यात इतक्या गोंधळलेल्या त्या कधीच नव्हत्या.

नानासाहेब उठले नाहीत. त्यांनी हात लांब करून कावळ्याच्या नखांतली वाळलेली शितं एकेक करून सोडवली आणि आपल्या तळहातावर घेतली.

"खाल्लं नाय तवाच मला कळलं व्हतं, ह्यो खरा नव्हं," ते म्हणाले.

"मंग बोलला का नाय, नाना?"

"काय बोलू? तो निघाला तवा म्या तोंड बी उघडलं नव्हतं. तो येतोय हे दिसत व्हतं मला. गप बसलो आसतो तरी शिवलाच आसता." म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. "तरी बी म्या बोललो. कावळा मेलेला व्हता, कडुबा. शब्द देणारा अजून जित्ता हाय."

कडुबाने काठी भिंतीला टेकवली आणि तो खाली बसला.